औषधाला भाव विचारू नये

१० जानेवारी

आधी भांडण, नमस्कार नंतर. हो, मी उघडली तुझी डबी. न विचारता उघडली, आणि पुन्हा आले तर पुन्हा उघडीन. फ्रीजवर दोन डब्या शेजारी शेजारी, दोन्ही सात खणांच्या, एक आतोबांची, एक तुझी. आतोबांचे सातही खण गच्च. तुझ्या डबीत सोमवारी गोळी, मंगळवारी हवा. बुधवारी गोळी, गुरुवारी हवा. मी विचारलं तर म्हणालीस अजून भरायची आहे, आणि मला दूध उतू जातंय का ते बघायला पाठवलंस. गॅसवर दूध नव्हतंच.

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, वि. वि. घे, झाला नमस्कार.

पत्र का लिहिते, तर फोन आतोबा उचलतात आणि स्पीकरवर लावून अख्ख्या मजल्याला ऐकवतात. पत्र मात्र पेटीतून तूच काढतेस.

चार दिवस राहिले तुमच्याकडे. चार मजले चढताना तू दोनदा थांबायचीस. एकदा चपलेचा पट्टा नीट करायला, एकदा दुसऱ्या मजल्यावरची पाटी वाचायला. ती पाटी तू एकवीस वर्षं वाचते आहेस, अजून संपली नाही का?

आता कामाचं ऐक. आमच्या प्रेसमध्ये औषधांची खोकी छापतात आणि छापण्याआधी त्यांची प्रूफं मी तपासते, हे तुला माहीत आहे. गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर एकाच दिवशी दोन खोकी आली. एक निळं, चकचकीत, नाव असं की कुणा राजपुत्राचं वाटावं. दुसरं पांढरं, साधं, त्यावर नुसतं औषधाचं मूळ नाव. आत काय आहे ते बारीक अक्षरात छापायचं असतं, आणि ते बारीक अक्षर वाचायचाच मला पगार मिळतो. दोन्हींत तेच औषध, तेवढेच मिलिग्रॅम, बनवणारा कारखाना तोच, पत्तासुद्धा तोच. किंमत? निळ्याची साडेचार पट. मला वाटलं, चूक सापडली. तांबड्या पेनानं गोल करून साहेबांकडे धावले. साहेब म्हणाले चूक नाही, असंच असतं, आणि गोल मारायच्या आधी जरा बाजारात जात जा.

ते निळं खोकं तुझ्या फ्रीजवर आहे, आत्या.

एकतीस वर्षं तू पंपाच्या कारखान्यात खरेदी विभागात काढलीस. तीन ठिकाणचे भाव आल्याशिवाय तू साधा बोल्ट विकत घेऊ दिला नाहीस, म्हणून तुला सगळे तीनभाव बाई म्हणायचे. माझ्या शाळेच्या दप्तरासाठी मला पाच दुकानं पायी फिरवलंस आणि शेवटी पहिल्याच दुकानात परत आणलंस, ते दप्तर मी अजून विसरले नाही, पायही विसरले नाहीत. आणि औषध? कोपऱ्यावर जायचं, चिठ्ठी द्यायची, सांगतील तेवढे मोजायचे, मान खाली घालून घरी यायचं. ही कुठली तीनभाव बाई?

औषधांचे तीन भाव काढ. नाहीतर मी आतोबांना सगळं लिहीन.

रागाव, पण माया आटवू नकोस.
तुझी,
भिंगरी

१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळालं. शुद्धलेखन बरं आहे, वागणूक नाही. पाहुणीनं दुसऱ्याच्या फ्रीजवर काय आहे ते बघायचं नसतं. आणि चपलेचा पट्टा खरंच सैल आहे.

तीन भावांचं म्हणशील तर तुझी आजी काय सांगायची ते ऐकून ठेव. भाजीला घासाघीस करावी, कापडाला करावी, औषधाला भाव विचारू नये, गुण जातो. तू हसशील. मीही हसले असते, पण आतोबा जिन्यात कोसळले तेव्हा हसायला कोणी नव्हतं. बोल्ट स्वस्तातला निघाला तर पंप गळतो, फिटर येतो, दुसरा लावतो. छातीला दुसरा कुठला लावायचा? मी स्वस्तातलं आणलं आणि उद्या काही बरंवाईट झालं, तर उरलेला जन्म मी ते वाचवलेले चार पैसे बघत बसायचं का?

शिवाय आपले ते कोपऱ्यावरचे औषधवाले, ज्यांना सगळे चष्मेवाले म्हणतात. सात वर्षांपूर्वी आतोबा पडले त्या दुपारी खालच्या पोरींनी आरडाओरडा केला, तेव्हा हा माणूस दुकान उघडं, गल्ला उघडा टाकून पळत आला. जिभेखाली गोळी त्यांनी ठेवली. गाडी त्यांनी बोलावली. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं उशीर झाला असता तर आम्ही काही करू शकलो नसतो. त्या माणसाकडे पाठ फिरवून मी चार दुकानांत भाव विचारत हिंडू? कुठल्या तोंडानं? त्यांच्या दुकानावरूनच जावं लागतं कुठेही जायचं तर.

आणि आतोबांना असलं काही लिहिशील तर बघ. हा माणूस खुळा आहे. काहीतरी अर्धवट कानावर जाईल आणि उद्यापासून स्वतःच्याच गोळ्या बंद करून म्हणेल, मला आता अगदी बरं वाटतंय. तेव्हा नसलेल्या गोष्टीचा गवगवा नको.

हवा कशी आहे तिकडे? स्वेटर घालत जा.

तुझ्यावर चिडलेली असली तरी तुझीच,
आत्या

ता. क. त्या पांढऱ्या खोक्यावर बारीक अक्षरात नक्की काय काय लिहिलेलं असतं? सहज विचारते.

२३ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय जुनीच. सहज विचारतेस तर सहज सांगते.

आमच्याकडे खोक्यांचा मजकूर पास करायला औषध कंपनीच्या एक बाई येतात. औषधशास्त्र शिकलेल्या आहेत, कडक आहेत, एका स्वल्पविरामासाठी अख्खा गठ्ठा परत पाठवतात. त्यांना चहाला गाठलं आणि तुझी सगळी भीती त्यांच्यापुढे ओतली, फक्त नाव न सांगता. त्यांनी आधी हेच बजावलं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बदलायची नाही, एकही बंद करायची नाही, आणि एकही कमी करायची नाही. हे कमी करायची नाही त्या माझ्याकडे बघून दोनदा म्हणाल्या. बहुतेक माझं तोंड वाचलं त्यांनी.

मग म्हणाल्या, खोक्यावर तीन गोष्टी बघायच्या. औषधाचं मूळ नाव. किती मिलिग्रॅम. आणि नावाच्या पुढे लटकलेली एक-दोन अक्षरं, कारण काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळतात, काही एका दमात, आणि एकीच्या जागी दुसरी चालत नाही. हे तिन्ही जुळलं, डॉक्टर हो म्हणाले, आणि दुकान परवान्याचं असलं, की मग वरचं नाव राजपुत्राचं असो नाहीतर कारकुनाचं. काही मोजकी औषधं अशी आहेत की त्यांचा कारखानासुद्धा बदलू नये, ती डॉक्टरच सांगतील. आणि पट्टीचा भाव बघायचा नाही, गोळीचा बघायचा, कारण एका पट्टीत दहा असतात, एकीत पंधरा. हे मी तुला सांगते म्हणजे माशाला पोहायला शिकवणं आहे, पण राहवत नाही.

आजीचं मला पटलं. पण आजीच्या वेळी एक डॉक्टर, एक बाटली, तिच्यात लाल पाणी. तीन भाव आणणार कुठून होती ती?

आणि चष्मेवाल्यांचं. ज्या माणसानं तुमच्यासाठी गल्ला उघडा टाकला, त्याला तू घाबरतेस? अगं, सगळ्या बाजारात त्यांनाच पहिल्यांदा विचारायला हवं होतंस.

उत्तराची वाट बघते, आणि बऱ्या बातमीची त्याहून जास्त.
तुझी,
भिंगरी

६ फेब्रुवारी

चि. तपासणीस बाईंना,
अ. आ. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. शेवटचं लिहिलं ते डेपो मॅनेजरला, रजेसाठी, आणि ती मिळाली नाही. पण इथे जे चाललंय ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही, आणि तुझी आत्या म्हणते फोनवर बोलायचं नाही.

दहा दिवसांपूर्वी तिनं कपाटातून ऑफिसची पर्स काढली. साखळीचा चष्मा काढला. माझ्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या आणि एक मोठा कागद आखला. औषधाचं नाव, ताकद, पुढची अक्षरं, वर्षाला लागणारा नग, दर गोळीमागे. पाच प्रती केल्या. मला म्हणाली स्कूटर काढा. बत्तीस वर्षं बस चालवली मी, पण इतके थांबे एका दिवसात घेतले नव्हते. ती आत जायची, मी बाहेर इंजिन चालू ठेवायचो, जणू आम्ही बँक लुटायला निघालोय.

पहिल्या दुकानात मुलानं सांगितलं की चिठ्ठीवर जे लिहिलंय तेच मिळेल, चौकशीला वेळ नाही. दुसऱ्या दुकानातल्या बाईंनी सगळं नीट भरून दिलं, वर सही. तिसऱ्यानंही भरला. शेवटी आम्ही ठोक बाजारात गेलो. तिथे गंमत झाली. तुझ्या आत्यानं सवयीनं कागदाच्या खाली लिहिलेलं, दर सर्व करांसह आणि माल जागेवर पोचवून कळवावा, आणि सहीखाली ठोकलं होतं, खरेदी विभाग. एकतीस वर्षांची सवय, हात आपोआप लिहून गेला. ठोकवाल्यानं ते वाचलं आणि उठून उभा राहिला. खुर्ची पुसली, पंखा तिच्याकडे वळवला, चहा मागवला. मला वाटलं आता वेळ लागणार, म्हणून मीही इंजिन बंद करून आत गेलो, मलाही चहा मिळाला. त्यानं मोठ्या अदबीनं विचारलं, आपलं हॉस्पिटल किती खाटांचं. ती म्हणाली दोन. तो म्हणाला, दोनशे? ती म्हणाली नाही, दोन, आणि त्यातली एक लोखंडी आहे, कुरकुरते.

तो माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. पण चांगला निघाला. म्हणाला, असा कागद मोठमोठ्या हॉस्पिटलांकडूनही येत नाही. सगळे दर भरले, शिक्काही मारला. फक्त म्हणाला की मी माल परवाना असलेल्या दुकानालाच देऊ शकतो, घरी नाही. तरी ती बाहेर आली ती अशी, जशी निवृत्तीच्या दिवशीसुद्धा आली नव्हती.

मग काल डॉक्टर. कागद बघून डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. माझी एक पित्ताची गोळी सहाच आठवडे घ्यायची होती म्हणे, मी दोन वर्षं घेतोय. ती कापली. रक्त पातळ करायची आहे ती मात्र आहे त्याच कारखान्याची ठेवायची म्हणाले. बाकीच्या सगळ्या बदलायला हरकत नाही, आत्याचीही, म्हणून मूळ नावांनी नवी चिठ्ठी लिहून दिली.

इथवर सगळं झकास. पण निघता निघता त्यांनी आत्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. परत बांधला. रक्तदाब बराच वाढलाय. विचारलं, गोळी रोज घेता ना? ती म्हणाली रोज. मग म्हणाले एवढ्यानं भागत नाही, गोळी दुप्पट करू आणि जोडीला आणखी एक देऊ. १८ तारखेला, मंगळवारी, रक्त तपासून सुरू करायचं. मला काही समजत नाही. रोज सकाळी ग्लास घेऊन बेसिनपाशी जाते, मी स्वतः बघतो. मग चढतो कसा? तू शिकलेली आहेस, काही कळलं तर लिही. तिला सांगू नकोस मी विचारलं म्हणून.

गाडी वेगात चालवू नको. तुझ्याकडे गाडी नाही हे माहीत आहे, तरी.
तुझे,
आतोबा

९ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार आज शेवटी, आला तर.

आतोबांचं पत्र आलं. त्यांनी तुला सांगू नकोस म्हटलंय, मी सांगते. तुम्ही दोघं एकमेकांपासून लपवा, मी मध्ये पोस्टाची पेटी होऊन बसणार नाही.

तू डॉक्टरांना रोज म्हणालीस. डॉक्टर आता तुझ्या आजाराला नाही, तुझ्या खोटं बोलण्याला औषध देताहेत. समजतंय का? तू मंगळवारी नुसती मान हलवलीस तर दुप्पट गोळी सुरू होईल. आणि आता भाव उतरलेत, म्हणजे तू ती खरंच रोज घेशील, कारण आता परवडेल. अर्ध्याऐवजी एकदम दुप्पट. आणि त्या जिन्यात, पाटी वाचता वाचता, चक्कर येऊन पडशील. या वेळी चष्मेवाल्यांना पळत यायला उशीर झाला तर?

इतकं सगळं जिंकलीस तू. आजीचीही आजी झालीस, ठोकवाल्याकडून शिक्का आणलास. आणि जिथे जीव आहे तिथेच खोटा आकडा भरलास. कारखान्यात कुणी तुला असा कागद दिला असता तर तू तो फाडला असतास.

आतोबांना मी लिहिलंय की काळजी करू नका, वयानं होतं असं. तीन ओळींत दोन थापा. तुझ्यामुळे.

मंगळवारी खरं सांग. एवढंच. सांगितलंस तर माझा साष्टांग नमस्कार, नाही तर मी बुधवारी पहिल्या गाडीनं दारात आहे.

भिंगरी

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पहिल्या गाडीनं यायची गरज नाही. मंगळवारी आतोबांना रक्त द्यायच्या रांगेत उभं केलं आणि मी एकटी आत गेले. डॉक्टरांना जे सांगायचं ते सांगितलं. काय सांगितलं ते त्यांचं आणि माझं. ते बराच वेळ पेन फिरवत बसले, ओरडले नाहीत, त्यापेक्षा ओरडले असते तर बरं. मग दुप्पट गोळीची चिठ्ठी फाडली. जुनीच, रोज एक, दोन आठवड्यांनी दाखवायचं. आणि म्हणाले की पैशांची अडचण असेल तर ती पहिल्यांदा डॉक्टरला सांगायची असते, कारण तोही आजाराचाच भाग आहे. माझ्या पायाखालची फरशी इतकी नीट मी कधी बघितली नव्हती.

आता दुसरी गोष्ट, ती मी मान वर करून सांगते.

दुपारी चष्मेवाल्यांकडे गेले. मुद्दाम गिऱ्हाईक नसेल ती वेळ धरली. हातात कागद, तिन्ही भाव भरलेले, ठोकवाल्याचा शिक्का वर. कागद काउंटरवर ठेवला आणि खोकल्याच्या गोळ्यांची बरणी बघत उभी राहिले. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. मला वाटलं संपलं, एका भल्या माणसाचं मन मी मोडलं. ते मागच्या खोलीत गेले. आले ते एक खोकं घेऊन, वर धूळ. फुंकर मारली. पांढरं खोकं, भिंगरी. तुझंच.

म्हणाले, दोन वर्षं ठेवून बघितलं. आपण होऊन कुणाला दाखवलं की गिऱ्हाईक म्हणतं, आम्हाला नकली खपवताय का, आम्हाला आमचंच द्या. एकानं तर पट्टी तोंडावर फेकली. तेव्हापासून चिठ्ठीवर असेल ते देतो आणि गप्प बसतो. मी म्हटलं, मला तरी दाखवायचं. त्यावर ते जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते.

"बाई, तुम्ही एकदा विचारलं असतं. तुमच्यासारखी बाई भाव विचारत नाही म्हटल्यावर मला वाटलं, तुम्हाला महागातलंच हवंय."

सात वर्षं, भिंगरी. सात वर्षं मी त्यांची भीड बाळगली आणि त्यांनी माझी. मध्ये आम्ही दोघं मिळून त्या निळ्या राजपुत्राला पोसत होतो.

मग आम्ही कामाला लागलो. परवाना त्यांच्याकडे आहे, ठोकवाल्याचा भाव माझ्याकडे आहे, कमी आहे तो फक्त नग. दोन खाटांसाठी कोणी गाडी पाठवत नाही. मी विचारलं, नग किती लागेल. त्यांनी आकडा सांगितला. मी खिडकीबाहेर आमच्या तिन्ही इमारतींकडे बघितलं. कारखान्यातून निवृत्त झालेली सगळी तिथेच राहतात, आणि साठीच्या पुढे प्रत्येकाकडे एक तरी पट्टी असतेच. त्यांनीही बाहेर बघितलं. मग त्यांनी कागद-पेन माझ्याकडे सरकवलं.

त्यांनी त्यांचा नफा ठेवून भाव दिला, तो तिन्ही भावांपेक्षा खाली आला. नफा ठेवा हे मीच बजावलं, नाहीतर दुकान बंद पडेल आणि पळत यायला कोणी राहणार नाही. पूर्वी आम्हाला महिन्याला जेवढे लागायचे तेवढ्यात आता साडेतीन महिने निघतील. चारदा मोजलं. आतोबांनी पाचव्यांदा मोजलं, तेही तेवढंच.

खुशाली कळव. आणि आतोबांना थापा मारल्यास त्याबद्दल कान धरीनच, भेटलीस की.
तुझी,
आत्या

२५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, खराखुरा, लांबलचक, वि. वि.

तुझं पत्र मी प्रेसमध्ये मोठ्यानं वाचलं. त्या कडक बाईंनाही ऐकवलं. चष्मेवाल्यांच्या वाक्यावर त्यांनी नाक पुसलं आणि सर्दीचं कारण सांगितलं. साहेब म्हणाले, ही तुझी आत्या आपल्या कागद खरेदीला मिळेल का. मी म्हटलं परवडणार नाही तुम्हाला, कागदाचा धंदा दोन दिवसांत बंद होईल तुमचा.

तू जिंकलीस. हे मी मान्य करते, लेखी करते. पण माझं एक राहिलं. दोन पत्रं झाली, तू डॉक्टरांना सांगितलंस, फरशी बघितलीस, सगळं आडून आडून लिहिलंस. मी मात्र दीड महिना एकटीच बोलते आहे की काय असं वाटायला लागलंय. मला एक वाक्य हवंय. पान नको, एक वाक्य. म्हणजे पुढच्या वेळी तू ठीक आहे म्हणालीस तर मला त्यावर विश्वास ठेवता येईल.

वाट बघते. माया आहे तशीच ठेव, जमलं तर वाढव.
तुझी,
भिंगरी

६ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि. घाईत लिहिते आहे.

आज गुरुवार, आणि गुरुवारी आता मी कामावर असते. मधल्या इमारतीत तळमजल्यावर सायकली ठेवायची खोली आहे, तिथे आम्ही टेबल टाकलंय. आतोबांनी पुठ्ठ्यावर पाटी रंगवली, खरेदी विभाग, आणि खाली बारीक, खाटा दोन, त्यातली एक कुरकुरते. मी पुसायला लावली ती ओळ, त्यांनी परत लिहिली. पहिल्या गुरुवारी नऊ जण आले, गेल्या गुरुवारी एक्केचाळीस. नियम तीन. चिठ्ठी डॉक्टरांनी मूळ नावानं लिहून दिलेली हवी. डॉक्टर नको म्हणाले ती गोळी बदलायची नाही, कितीही स्वस्त मिळो. आणि कोणी लाजायचं नाही. तिसरा नियम सगळ्यात अवघड जातो लोकांना.

लेथवरचा फोरमन आठवतो ना, तेलाच्या डब्यावरून माझ्याशी अकरा वर्षं भांडलेला? तो आला. चिठ्ठी पाठीमागे धरून उभा होता, पोरानं प्रगतिपुस्तक लपवावं तशी. त्याची साखरेची गोळी आता पावपट भावात बसली. जाताना म्हणाला, तेलाच्या वेळी तुम्ही बरोबर होतात. भिंगरी, ते एक वाक्य ऐकायला मी अकरा वर्षं जगले म्हटलं तरी चालेल. आता तो रांग लावायचं काम करतो, आणि ओरडून ओरडून सगळ्यांना नियम सांगतो.

काल डॉक्टरांकडे गेले होते. पट्टा बांधला, भुवया जागेवर राहिल्या. परत बांधायला मीच लावलं, दुसरा भाव म्हणून. तोही तेवढाच. रोज एक, तीच गोळी, बाकी काही नको म्हणाले. येताना चारही मजले एका दमात चढले, वर पोचून आतोबांची वाट बघत उभी राहिले.

आतोबांना सांगितलं मी. रविवारी, सकाळी, चहा झाल्यावर. गच्चीत जाऊन उभे राहिले, आले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्या हातात ग्लास तेच देतात आणि मी गिळेपर्यंत हलत नाहीत. तिकीट तपासल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही, तसं. आणि स्वतःची गोळी त्यांनी बंद केली नाही. या माणसाला मी अडतीस वर्षांत ओळखलं नाही असं दिसतंय.

आता तुझं वाक्य. एकात मावत नाही, चार लागतील.

हो, मी एक दिवसाआड घेत होते, यांची चौथी गोळी सुरू झाली तेव्हापासून, सात महिने. कारखान्यात मंदी आली की वरून विचारणा यायची, कुठलं मशीन बंद ठेवलं तर काम अडणार नाही, आणि मी कागद घेऊन बसायचे, नाव लिहून द्यायचे. घरीही तशीच कागद घेऊन बसले, आणि माझं नाव लिहिलं. एकतीस वर्षांत कधी नाही केलं ते त्या दिवशी केलं, एकच भाव बघून सही केली.

यावर तू लिहिशील, रडशील, मला आणखी चार सुनावशील, ते सगळं मला माहीत आहे. पण खालून फोरमन ओरडतोय की रांग पार गेटपर्यंत गेलीय आणि बाईंचा पत्ता नाही. पाकीट चिकटवते, वाटेत पेटीत टाकते. माया आहेच, ती काय विचारायची. निघाले.

आत्या